संगमरवराचे कण उलटे वाचू नका: धुऱ्यावरच्या गोट्यापासून मायक्रोस्कोपपर्यंत

दिवाळीनंतर धान कापून झालं की रामटेक, पारशिवनी, देवलापार भागात भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं फील्डवर्क सुरू होतं. जानेवारीत त्यांच्या स्लाइड (काचेवर चिकटवलेले दगडाचे पातळ काप) आणि अहवाल माझ्यासमोर येतात, आणि त्यातल्या निम्म्या अहवालांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'कण मोठे आहेत, यावरून तीव्र विरूपण झाल्याचे दिसते.' हे वाक्य उलटं आहे. विरूपण म्हणजे ताणाखाली दगडाचा आकार बदलणं. दगड असा न वितळता वाहत असताना जितका ताण जास्त, तितके नव्याने तयार होणारे कण लहान. मोठे, चौकोनी-षटकोनी, नीटनेटके कण बहुतेक वेळा सांगतात की ताण संपल्यावरही दगड बराच काळ गरम राहिला होता.

ही चूक मायक्रोस्कोपवर होत नाही. ती शेतात नमुना फोडतानाच सुरू होते, दगड कापायच्या कटरवर वाढते आणि अहवालात पक्की होते. म्हणून हा लेख शेतापासून सुरू केला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पुढचा टप्पा आधी केला तर मागचा भरून काढता येत नाही, विशेषतः दुसरा.

## निघण्याआधी: तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाने पुन्हा स्फटिकलेला चुनखडक (मुख्य खनिज कॅल्साइट) किंवा डोलोमाइट (त्याचाच मॅग्नेशियम असलेला भाऊबंद). आपल्याकडे सौसर गटात, म्हणजे या भागातल्या जुन्या खडकांच्या थरांच्या संचात, दोन्ही सापडतात: लोहांगी फॉर्मेशनमध्ये गुलाबी छटेचा कॅल्साइटचा संगमरवर, बिचुआ फॉर्मेशनमध्ये डोलोमाइटचा. दोघांचं वागणं वेगळं आहे, हे शेवटपर्यंत विसरायचं नाही.

कॅल्साइटचा कण ताणाला तीन तऱ्हांनी प्रतिसाद देतो.

पहिली तऱ्हा जुळं होण्याची. कणाचा एक पातळ थर सरकून उरलेल्या कणाची आरशातली प्रतिमा बनतो. याला फार ताण लागत नाही, साधारण १० मेगापास्कल पुरतो, आणि उष्णताही लागत नाही. त्यामुळे कॅल्साइटमध्ये जुळ्या पट्ट्या अगदी थंड असतानाही पडतात.

दुसरी तऱ्हा गरम असतानाची. स्फटिकाच्या आतले दोष सरकू लागतात, कण वाकतो, मग त्याचे थोड्याथोड्या कोनाने वळलेले उपकण होतात. उपकण वळत वळत मूळ कणापासून फारच वेगळे झाले की ते स्वतंत्र नवे कण ठरतात. कधी एका कणाची सीमा शेजारच्या कणात घुसून त्याला खात जाते. या सगळ्याला पुनर्स्फटिकीकरण म्हणायचं.

तिसरी तऱ्हा ताण संपल्यानंतरची. दगड अजून गरम असतो, वाकड्यातिकड्या कणसीमा सरळ होतात, लहान कण गिळले जातात, मोठे वाढतात. विरूपणाच्या खुणा इथेच पुसल्या जातात.

पहिली तऱ्हा हाताने करून बघा. पारदर्शक कॅल्साइटचा समांतरभुज तुकडा घ्या; आपल्याकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये असे तुकडे मिळतात, आणि प्रयोगशाळेच्या पेटीत तर असतातच. तो टेबलावर ठेवून त्याच्या बोथट कडेवर सुरीचं पातं आडवं टेकवा आणि एकदम जोर न देता हळूहळू दाबा. जमलं तर तुकडा फुटत नाही. पात्याच्या एका बाजूचा कोपरा सरकतो, आणि सरकलेला पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की त्यात खिडकीचा उजेड दिसतो. दोन-तीन तुकडे वाया जातील, जाऊ द्या. एकदा हे बोटांखाली घडताना पाहिलं की स्लाइडमधल्या पट्ट्या म्हणजे भेगा नव्हेत, हे पुन्हा कुणी सांगावं लागत नाही.

सोबत काय घ्यायचं: कंपास-क्लिनोमीटर, १० पट भिंग, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ठिबकबाटली, पक्क्या शाईचा मार्कर, लोखंडी खिळा, पारदर्शक नेलपॉलिश, छिन्नी-हातोडा, चष्मा, जुने वर्तमानपत्र, पोतं. नेलपॉलिश वाचून मुलं हसतात. ते कशाला लागतं ते दुसऱ्या टप्प्यात कळेल.

सावधान: पेंचच्या आरक्षित जंगलात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय दगडाला हातही लावायचा नाही. शेतातला दगड असला तरी आधी मालकाला विचारा. बहुतेक जण 'काय करता जी, साऱ्या धुऱ्यावर हेच गोटे हायेत' असं म्हणून स्वतःच चांगला दगड दाखवतात. पण विचारणं आपलं काम आहे.

## टप्पा १: फोडण्याआधी दगड वाचा

दगडासमोर किमान अर्धा तास हातोडा पिशवीतच ठेवा. उघड्या दगडावर जे दिसतं ते स्लाइडमध्ये कधीच दिसणार नाही, कारण स्लाइड तुमच्या अंगठ्याएवढी असते.

आधी आम्लाचा थेंब टाका. लगेच फसफसला तर कॅल्साइट. काहीच झालं नाही तर खिळ्याने खरवडून भुकटी करा आणि तिच्यावर थेंब टाका. आता हळू बुडबुडे आले तर डोलोमाइट. दोन्हीचे थर एकाआड एक असतील तर ही नोंद सोन्यासारखी आहे. कॅल्साइट मऊ पडून वाहतो त्या तापमानाला डोलोमाइट अजून ताठ असतो. म्हणून डोलोमाइटचा थर तुटून सॉसेजसारखे तुकडे होतात आणि त्यांच्या मधल्या जागेत कॅल्साइट भरतो. तुटलेल्या तुकड्यांना बुडिन म्हणतात. हे तुकडे ज्या दिशेने एकमेकांपासून दूर गेले, त्या दिशेने दगड ताणला गेला. अॅम्फिबोलाइटचा (एका काळसर, ताठ खडकाचा) थर संगमरवरात असेल तर तोही असाच तुटतो.

मग थर आणि फोलिएशन (विरूपणाने दगडात आलेली पापुद्र्यांसारखी रचना) वेगळे ओळखा. रंगाचा प्रत्येक पट्टा म्हणजे फोलिएशन नव्हे. रंगाचा पट्टा मूळचा गाळाचा थर असू शकतो. अभ्रकाचे पापुद्रे, ग्रॅफाइटच्या रेघा, चपटे झालेले कण ज्या प्रतलात आडवे पडले आहेत ते फोलिएशन. दोन्ही एकाच दिशेत असले तर ठीक. घडीच्या नाकापाशी, म्हणजे थर जिथे वळतो तिथे, मात्र ते एकमेकांना छेदतात. तिथे उभं राहून दोन्हींची नोंद करा.

लिनिएशनसाठी, म्हणजे खनिजं ज्या एका दिशेत लांबट पसरली आहेत ती रेघ शोधण्यासाठी, फोलिएशनचंच प्रतल उघडं शोधा. त्यावर ट्रेमोलाइट या खनिजाच्या सुया किंवा अभ्रकाच्या लांबट रांगा एका दिशेने पसरलेल्या दिसतात. सकाळी दहाच्या आधी किंवा दुपारी चारनंतर, तिरप्या उन्हात, ही दिशा चटकन उमटते. भर दुपारी काहीच दिसत नाही आणि मग अहवालात 'लिनिएशन आढळले नाही' असं येतं.

सावधान: दगडाची बाहेरची साखरेसारखी सुटणारी कातडी विरूपणाची खूण नाही. कॅल्साइट तापला की स्फटिकाच्या लांब अक्षाच्या दिशेने प्रसरण पावतो, पण त्या अक्षाला काटकोनात किंचित आकसतो. शेजारचा कण वेगळ्या दिशेने वळलेला असल्याने दोघांमधली पकड दरवर्षी थोडी सुटते. नागपूरकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसात हे वर्षानुवर्षं होत राहतं. अशी कातडी बोटाने घासली की वाळूसारखे कण हातात येतात. नमुना तिच्या खालचा घ्यायचा.

## टप्पा २: दिशा लिहून मगच नमुना काढा

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ मागतो. दिशा न लिहिलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. त्यातले कण लहान-मोठे आहेत एवढं कळेल. ते कुठल्या दिशेने चपटे झाले, दगड कुठल्या बाजूला सरकला, हे कधीच कळणार नाही.

१. दगडावर तळहाताएवढा सपाट भाग निवडा, शक्यतो फोलिएशनचाच.

२. दगड जागेवर असतानाच कंपासने त्या प्रतलाचा स्ट्राइक (प्रतलावरच्या आडव्या रेघेची दिशा) काढा आणि मार्करने आडवी रेघ ओढा. रेघेच्या एका टोकाला बाण आणि तिथे अंश लिहा.

३. त्या रेघेच्या मधोमध उताराच्या बाजूला छोटी उभी रेघ ओढून डिपचा, म्हणजे प्रतलाच्या उताराचा, कोन लिहा.

४. हा भाग दगडाचा वरचा आहे की खालून लोंबणारा, ते लिहा. 'व' किंवा 'ख' एवढं अक्षर पुरतं. हे अक्षर राहिलं तर सगळं मोजमाप आरशात बघितल्यासारखं उलटं होतं, आणि चूक कुठे झाली ते सापडतही नाही.

५. लिनिएशन दिसत असेल तर तीच रेघ वेगळ्या रंगाने ओढा.

६. त्याच रेघा खिळ्याने हलक्या कोरा. कॅल्साइटची कठिनता फक्त ३ आहे, खिळा सहज कोरतो. मग शाईवर नेलपॉलिशचा हात फिरवा आणि पाच मिनिटं सुकू द्या. कटरवर पाण्याची धार सतत पडते आणि मार्करची शाई दोन मिनिटांत धुऊन जाते. एका वर्षी माझ्यासमोर अकरा नमुने आले आणि अकराही कोरे झालेले. मुलांनी दोन दिवस उन्हातान्हात घेतलेली मेहनत पाण्याबरोबर वाहून गेली होती. तेव्हापासून पिशवीत नेलपॉलिश असतं.

७. फोटो काढा. फोटोत रेघा, क्रमांक आणि मागचा दगड एकत्र दिसला पाहिजे.

८. आता छिन्नी लावा. घाव रेघांपासून किमान वीतभर दूर.

शेवटच्या मुद्द्याचं कारण नीट समजून घ्या. हातोडा बसतो तिथे संगमरवरावर पांढरा ठिपका उमटतो. तो पांढरा दिसतो, कारण खालचे कण चुरगळलेले असतात, त्यांच्यात भेगा आणि नव्या जुळ्या पट्ट्या पडलेल्या असतात. त्या ठिपक्याची स्लाइड केली तर तुम्ही पृथ्वीचा नव्हे, स्वतःच्या हाताचा जोर मोजता. सुरुंग लावलेल्या खाणीच्या ताज्या भिंतीवरूनही नमुना घेऊ नका.

तपासणी: काढलेला तुकडा परत त्याच खाचेत बसवून बघा. लिहिलेले अंश कंपासशी जुळतात का? दोन-तीन अंशांचा फरक चालतो. जास्त असेल तर आत्ताच खोडून पुन्हा लिहा. घरी जाऊन दुरुस्त करता येत नाही.

सावधान: मनसर-कांद्रीच्या मँगनीज पट्ट्यात कंपासवर आंधळा विश्वास नको. मँगनीजच्या काही खनिजांना चुंबकत्व असतं. सुई अडखळत असेल तर दगडापासून दोन-तीन पावलं मागे येऊन दुसरं माप घ्या. हातोडा कंपासजवळ ठेवू नका. मोबाइलच्या कंपासवर माप घेत असाल तर चुंबकाचं कव्हर काढून ठेवा. या एका कव्हराने अख्ख्या गटाची मापं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

नमुने वर्तमानपत्रात गुंडाळून तणस भरलेल्या पोत्यात ठेवा. दगडावर दगड आपटू देऊ नका.

## टप्पा ३: काप कुठून घ्यायचा

इथे उत्तर एकच आहे: फोलिएशनला काटकोनात आणि लिनिएशनला समांतर. या कापात कणांचा सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड व्यास एकाच वेळी दिसतो आणि सरकण्याची दिशाही ओळखता येते. दुसरा काप पहिल्याला आणि फोलिएशनला, दोघांनाही काटकोनात घेतला तर उत्तमच.

फोलिएशनला समांतर काप घेतला की चपटे कणही गोल दिसतात, पोळी वरून पाहिली तर गोल दिसते तसे. मग अहवालात 'कण समआकार आहेत, विरूपण नाही' असं येतं. यात कटरवाल्याचा दोष नसतो. त्याला सोयीची बाजू तो धरतो, कारण तुम्ही दगडावर रेघ मारून दिलेली नसते. कापाची रेघ स्वतः मारून द्या.

कापलेल्या चिपेच्या एका कोपऱ्याला खाच करा, आणि खाच कुठल्या दिशेला आहे ते वहीत चित्र काढून लिहा. पुढे स्लाइड काचेवर उलटी चिकटवली गेली तर ती खाचच सांगेल. लक्षात ठेवा, मायक्रोस्कोप चित्र फिरवून दाखवतो त्याने सरकण्याची दिशा बदलत नाही. चिप पालथी चिकटली तर मात्र बदलते.

## टप्पा ४: घासणे, रंगवणे, स्लाइड

चिप काचेवर बसवताना हॉटप्लेट जपून वापरा. वर सांगितलेलं कॅल्साइटचं विचित्र प्रसरण इथेही लागू आहे. फार तापवली तर कणसीमा सुटतात आणि स्लाइडमध्ये प्रत्येक कणाभोवती काळी रेघ दिसते. न तापवता घट्ट होणारं इपॉक्सी मिळत असेल तर तेच वापरा, रात्रभर थांबावं लागलं तरी.

घासताना जाड घासपूड लवकर थांबवून बारीक पुडीवर या. जाड पुडीने कॅल्साइटच्या वरच्या थरात नव्या पट्ट्या आणि चिरा पडतात. शेवटचा थर बारीक पुडीने, हलक्या हाताने, घाई न करता काढला की त्या बऱ्याच निघून जातात.

स्लाइडची नेहमीची जाडी ०.०३ मिलिमीटर. ही जाडी आपण क्वार्ट्झच्या राखाडी-पांढऱ्या रंगावरून ओळखतो. पण शुद्ध संगमरवरात क्वार्ट्झ नसतो, आणि कॅल्साइट इतका झळझळतो की त्याच्या रंगावरून जाडी सांगता येत नाही. त्यामुळे संगमरवराच्या स्लाइड बहुतेक वेळा जाडच राहतात, कणसीमा तिरक्या दिसतात आणि बारीक पट्ट्या एकमेकांत मिसळतात. उपाय सोपा आहे: चिपेशेजारी काचेवर क्वार्ट्झचा एक छोटा तुकडा चिकटवा आणि दोन्ही एकत्र घासा. पट्ट्या मोजायच्या असतील तर ०.०२ पर्यंत खाली जा.

झाकणकाच लावण्याआधी अर्धी स्लाइड रंगवा. ०.२ टक्के थंड हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम अॅलिझरिन रेड एस विरघळवा, स्लाइडचा अर्धा भाग दोन-तीन मिनिटं बुडवा, साध्या पाण्याच्या भांड्यात एकदाच बुडवून काढा. कॅल्साइट लाल होतो, डोलोमाइट कोरा राहतो. नळाच्या धारेखाली धरू नका, रंग निघून जातो.

सावधान: आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घाला.

## टप्पा ५: कमी मोठेपणावर आधी कणसीमा

सगळे थेट जास्तीच्या भिंगावर जातात. तसं करू नका. सर्वांत कमी मोठेपणावर, एकाच पोलरमध्ये (प्रकाश एका दिशेत कंपणारा करणारी गाळणी), स्टेज (मायक्रोस्कोपची फिरती बैठक) फिरवा. कॅल्साइटचे कण फिरवताना एकदा उठून दिसतात, एकदा बुडतात. या लुकलुकण्यातच कणसीमा सर्वांत स्पष्ट कळतात. मग क्रॉस पोलर (काटकोनात ठेवलेल्या दोन गाळण्या) लावा आणि तीन प्रश्न विचारा.

सीमा सरळ आहेत की नागमोडी? सरळ सीमा आणि तीन कण भेटतात तो तिठा जवळपास १२० अंशांचा, म्हणजे साबणाच्या फेसासारखी रचना. दगड ताण संपल्यावर गरम राहून निवांत झाला, हा त्याचा अर्थ. नागमोडी, दाते पडलेल्या सीमा म्हणजे एक कण दुसऱ्याला खात असताना थांबलेलं काम.

कण एकाच आकाराचे आहेत की दोन गटांचे? मोठ्या जुन्या कणाभोवती बारीक नव्या कणांची माळ असेल तर पुनर्स्फटिकीकरण अर्धवट राहिलं.

कण एकाच दिशेत लांबट आहेत का, आणि ती दिशा फोलिएशनला समांतर आहे की तिरकी? तिरकी असेल तर सरकण्याची बाजू तिच्यावरून ओळखता येते. खाच आणि वहीतलं चित्र इथे उपयोगी पडतं.

## टप्पा ६: जुळ्या पट्ट्या

आता जास्तीचं भिंग. या टप्प्यावर घाई केली तर पुढचा निष्कर्ष फसतो, म्हणून सावकाश वाचा.

आधी पट्टी आणि चीर वेगळी करा. चीर ही रेघ असते, तिला रुंदी नसते आणि ती दोन्ही बाजूंना सारखाच रंग ठेवते. जुळ्या पट्टीला रुंदी असते आणि क्रॉस पोलरमध्ये ती यजमान कणापेक्षा वेगळ्या क्षणी अंधारते.

मग पट्टीचा आकार बघा. कॅल्साइटमध्ये आकार साधारण तापमान सांगतो:

- केसासारख्या बारीक, सरळ, एक मायक्रॉनपेक्षा कमी जाड: थंडपणी, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या खाली.
- जाड, पण अजून सरळ: साधारण १५० ते ३००.
- वाकलेल्या, टोकाला निमुळत्या, एकमेकींना छेदणाऱ्या: २०० च्या वर.
- ठिगळासारख्या, कडा दातेरी झालेल्या: २५० च्या वर. इथे पट्टीच्या कडाही कणसीमांसारख्या सरकू लागलेल्या असतात.

हे आकडे एकमेकांवर चढतात. थर्मामीटर म्हणून नव्हे, गरम-थंड असा अंदाज म्हणून वापरा. आणि हे फक्त कॅल्साइटला. डोलोमाइटला जुळं व्हायला साधारण ३०० अंशांच्या वरची उष्णता लागते आणि त्याच्या पट्ट्या स्फटिकाच्या वेगळ्याच प्रतलावर पडतात. म्हणून रंगवलेली अर्धी बाजू आधी बघा, कण कुठला ते ठरवा, मगच पट्टीवर बोला.

पट्ट्यांची गर्दी मोजताना सारख्या आकाराचे कणच एकमेकांशी ताडून बघा. मोठ्या कणात जुळं सहज होतं, लहानात अवघड. मोठ्या कणांच्या थरात पट्ट्या जास्त आणि बारीक कणांच्या थरात कमी दिसल्या, तर 'मोठ्या कणांचा थर जास्त ताणला गेला' असं लिहू नका. ताण दोघांवर सारखाच असू शकतो.

तपासणी: पट्ट्या स्लाइडच्या कडेपाशीच दाट आहेत का? तसं असेल तर त्या कटरने किंवा हातोड्याने पडल्या. मधल्या भागातच मोजा.

## टप्पा ७: मोजणी

स्लाइडवर सरळ रेघ कल्पून ती किती कणसीमा ओलांडते ते मोजा, रेघेची लांबी त्या संख्येने भागा. अशा रेघा एकाच दिशेत नकोत. किमान तीन दिशांत काढा आणि एकूण ३०० कण तरी मिळवा. मिळालेल्या सरासरीला साधारण १.५ ने गुणलं की कणाच्या खऱ्या व्यासाच्या जवळ जाता येतं, कारण काप बहुतेक कणांच्या मधून नव्हे, कडेजवळून जातो.

जुळी पट्टी म्हणजे नवा कण नाही. ती ओलांडताना मोजू नका. या एका चुकीने कणांचा आकार निम्म्यावर येतो.

अभ्रक आणि ग्रॅफाइटचे थर वेगळे मोजा. कणसीमा सरकत येते आणि अभ्रकाच्या पापुद्र्याला अडते, धान्यात खडा अडकून जातं थांबावं तशी. म्हणून अशा थरातले कण बारीकच राहतात, मग ताण कितीही असो. शुद्ध थर आणि अशुद्ध थर एकाच सरासरीत मिसळले की आकडा निरर्थक होतो.

## टप्पा ८: क्रम लावा

आता वही घ्या आणि पानावर उभी रेघ ओढून दोन भाग करा. डावीकडे फक्त दिसलं ते, उजवीकडे त्याचा अर्थ. डाव्या बाजूला 'पुनर्स्फटिकीकरण' हा शब्द येता कामा नये. तिथे 'मोठ्या कणाभोवती बारीक कण, सीमा दातेरी' असंच यायला हवं.

मग एकच नियम वापरा: जी खूण दुसरीला छेदते ती नंतरची. जुळी पट्टी कणसीमेपाशी येऊन थांबत असेल आणि सीमा स्वतः सरळ असेल, तर पट्टी सीमेनंतरची. सीमा पट्टीला अर्ध्यात कापून पुढे सरकली असेल आणि पलीकडे पट्टीच नसेल, तर पट्टी आधीची.

देवलापारकडच्या एका नाल्यातल्या नमुन्याचं उदाहरण देतो. उघड्या दगडावर डोलोमाइटचे बुडिन स्पष्ट होते, मधल्या कॅल्साइटमध्ये ट्रेमोलाइटच्या सुया एका दिशेत. स्लाइडमध्ये कॅल्साइटचे कण मोठे, सीमा सरळ, तिठे १२० अंशांचे. प्रत्येक मोठ्या कणात केसासारख्या बारीक सरळ पट्ट्या. अभ्रकाच्या रेघेत मात्र कण बारीक आणि लांबट, फोलिएशनला किंचित तिरके.

विद्यार्थ्याने लिहिलं होतं: 'मोठे कण आणि जुळ्या पट्ट्या, म्हणून एकाच तीव्र विरूपणाचा पुरावा.' आम्ही दोघांनी तासभर बसून ते पुन्हा लिहिलं. आधी दगड गरम असताना वाहिला. बुडिन, सुया आणि अभ्रकाच्या रेघेतले तिरके कण त्याच वेळचे, आणि रेघेतले कण वाचले ते अभ्रकाने सीमा धरून ठेवल्या म्हणून. मग ताण थांबला, उष्णता उरली, शुद्ध थरातले कण वाढून निवांत झाले आणि तिथल्या जुन्या खुणा पुसल्या गेल्या. सगळ्यात शेवटी, दगड थंड होऊन वर येत असताना, हलक्या ताणाने बारीक पट्ट्या पडल्या. म्हणजे तीन वेगळ्या घटना, आणि सरकण्याची दिशा सांगणारी जागा अख्ख्या स्लाइडमध्ये ती अभ्रकाची दोन मिलिमीटरची रेघच. मूळ अहवालात तिला 'अशुद्धी' म्हणून वगळलं होतं.

तुमच्याही स्लाइडमध्ये मोठे निवांत कण दिसले तर आधी अभ्रकाची किंवा ग्रॅफाइटची रेघ शोधा. ती नसेल तर डोलोमाइटच्या बुडिनच्या आत बघा. ताठ असल्याने तिथे जुन्या खुणा टिकण्याची शक्यता जास्त. दोन्ही नसेल तर उजव्या बाजूला 'विरूपणाच्या खुणा पुसलेल्या' असं लिहा. 'विरूपण नाही' असं लिहू नका.

कापून उरलेला अर्धा तुकडा फेकू नका. त्यावर क्रमांक, स्ट्राइक, डिप आणि 'व' किंवा 'ख' पुन्हा नीट लिहून, नेलपॉलिश लावून कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या दिशेचा काप लागतो, तेव्हा तोच काढावा लागतो.